वाढत्या अंगाची सॅक

मुलांचे कपडे घेताना घरोघरी एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘जरा वाढत्या अंगाचे द्या.’ शाळेचा गणवेश असो की दिवाळीचा फ्रॉक असो, तो दोन बोटे सैलच घेतला जातो. बाह्या दुमडता येतात, खाली मुडप घालून ठेवता येते, आणि मूल वाढले की मुडप उसवता येते. यात काटकसर आहे आणि शहाणपणही आहे. पण हाच न्याय पाठीवरच्या सॅकला लावला तर काय होते, याचा धडा मला माझ्या मुलीने दिला. मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो, हे इथे सांगायला थोडा संकोच वाटतो. कारण ज्या प्रकरणावर मी दरवर्षी फळाभर आकृत्या काढतो, त्याच प्रकरणात मी चुकलो.

डिसेंबर २०२३ ची गोष्ट. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे राजमाचीला चालत जायचे, पायथ्याच्या उधेवाडीजवळ तलावाकाठी तंबूत मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी श्रीवर्धन हा बालेकिल्ला पाहून परतायचे, असा बेत होता. मुलगी दहा वर्षांची, वजन २८ किलोग्रॅम. तिच्यासाठी सॅक घ्यायला दुकानात गेलो, तेव्हा दुकानदार म्हणाला, “सर, मुलगी वाढती आहे, मोठीच घ्या. कॉलेजपर्यंत पुरेल.” मला ते पटले. ४५ लिटरची सॅक घेतली. घरी आल्यावर तिने आपले सगळे सामान तीत भरले : स्लीपिंग बॅग, कपडे, पाण्याच्या दोन बाटल्या, खाऊचे डबे, एक जाडजूड गोष्टींचे पुस्तक. जागा उरली म्हणून मीही त्यात थोडा शिधा ठेवला. सॅक भरली ७ किलोग्रॅम.

लोणावळा ते राजमाची ही वाट सुमारे १५ किलोमीटरांची, बरीचशी सपाट. पहिला तासभर कन्येचा उत्साह दांडगा होता. मग ती पुढे वाकून चालू लागली. मग ‘बाबा, हाताला मुंग्या येतायत’ अशी तक्रार सुरू झाली. कंबरपट्टा कमरेवर न राहता मांड्यांवर आपटत होता. पुढे एका कोरड्या ओढ्याच्या काठावर गुडघाभर उंचीचा एक खडक चढताना तिने एक पाय वर ठेवला, दुसरा उचलला आणि ती सरळ मागे कोसळली. मऊ सॅक खाली आल्यामुळे डोके वाचले. मनगट मात्र चांगलेच मुरगळले. उरलेली वाट मी दोन सॅक घेऊन चाललो, एक पाठीवर आणि एक पोटावर. त्या चालीत मला विचार करायला भरपूर वेळ मिळाला.

ती का पडली?

सी-सॉ तुम्ही सर्वांनी पाहिला आहे. एका बाजूला जड मूल आणि दुसऱ्या बाजूला हलके मूल बसले, तर समतोलासाठी हलक्या मुलाला टेकूपासून लांब बसावे लागते. वजन आणि टेकूपासूनचे अंतर यांचा गुणाकार दोन्ही बाजूंना सारखा हवा. या गुणाकाराला परिबल म्हणतात. दोन वस्तूंचा मिळून गुरुत्वमध्य कोठे असेल, तेही याच नियमाने सापडते. टेकू जेथे ठेवला असता दोन्ही परिबले सारखी होतील, ती जागा म्हणजे त्यांचा सामाईक गुरुत्वमध्य.

आता माझ्या मुलीचा हिशेब करू. तिचे वजन २८, सॅकचे ७. भरलेल्या सॅकची जाडी सुमारे ३० सेंटिमीटर, म्हणजे सॅकचा मध्य पाठीपासून १५ सेंटिमीटर मागे. सॅक मोठी असल्यामुळे पाठीला चिकटत नव्हती, आणखी दोन सेंटिमीटर मागे लोंबत होती. शरीराच्या मध्यरेषेपासून पाठीपर्यंतचे अंतर ८ सेंटिमीटर धरले, तर सॅकचा गुरुत्वमध्य मुलीच्या गुरुत्वमध्याच्या २५ सेंटिमीटर मागे येतो. दोघांचा मिळून गुरुत्वमध्य मुलीच्या मागे ५ सेंटिमीटरांवर पडेल, कारण २८ गुणिले ५ म्हणजे १४०, आणि ७ गुणिले २० म्हणजेही १४०.

पाच सेंटिमीटर म्हणजे काही फार नाही, असे वाटेल. पण आपण उभे असतो ते दोन तळपायांवर. गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा तळपायांच्या हद्दीत पडतो तोवरच आपण उभे राहू शकतो. सरळ उभे असताना हा ओळंबा घोट्याच्या थोडा पुढे पडतो. माझ्या मुलीचे पाऊल २१ सेंटिमीटर लांब आहे आणि ओळंब्याच्या जागेपासून टाचेच्या कडेपर्यंत जेमतेम ९ सेंटिमीटर भरतात. म्हणजे मागे कलंडण्याआधी तिच्याजवळ ९ सेंटिमीटरांची पुंजी होती आणि त्यातली निम्म्याहून अधिक सॅकने खर्च करून टाकली होती.

ती पुढे वाकून का चालत होती, तेही यावरून कळते. शरीर ही मोठी हुशार वस्तू आहे. मागे गेलेला गुरुत्वमध्य ते न सांगता पुढे आणते. आपण घोट्यापासून काठीसारखे सरळ कललो, तर तीन-चार अंश कलणे पुरते. पण मूल तसे कलत नाही, ते कमरेतून वाकते. तेव्हा फक्त धड आणि सॅकच पुढे येतात, म्हणून बरेच जास्त वाकावे लागते, आणि पाठीचे स्नायू सारा वेळ ताणलेले राहतात. खडक चढताना तर एकच पाय टेकलेला असतो, तोही उंचावर. सगळा भार त्या पुढच्या पावलावर आणायचा असतो. नेमक्या त्या क्षणी मागची ७ किलोग्रॅमची तरफ आपले काम करते.

आमच्या भागात डोक्यावरून लाकडाची मोळी आणणाऱ्या बायका तुम्ही पाहिल्या असतील. मोळी जड असते, पण ती बरोबर डोक्यावर असते. तिचा ओळंबा पावलांमध्येच पडतो, म्हणून त्या ताठ चालतात. खांद्यावरची कावडही तशीच. पुढचा हंडा आणि मागचा हंडा एकमेकांचे परिबल फेडतात. सॅकमध्ये ही सोय नाही. तिचे वजन मागेच राहणार. आपण करू शकतो ते एवढेच, की वजन कमी ठेवायचे आणि ते पाठीच्या जितके जवळ आणता येईल तितके आणायचे.

खांदा आणि कंबर

मुंग्यांचा प्रश्न दाबाचा आहे. तीच टाचणी टोकाकडून टोचते, डोक्याकडून टोचत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. त्या सॅकचे पट्टे तिच्या अरुंद खांद्यांवर नीट बसत नव्हते. प्रत्येक पट्ट्याचा जेमतेम ३ सेंटिमीटर रुंद आणि १० सेंटिमीटर लांब भाग खांद्याला टेकत होता. दोन्ही मिळून ६० चौरस सेंटिमीटर. त्यावर ७ किलोग्रॅम भार, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.११७ किलोग्रॅम. (किलोग्रॅम हे वस्तुमानाचे एकक आहे, बल न्यूटनमध्ये सांगावे, हे मला माहीत आहे. वाण्याच्या तराजूची भाषा सोपी म्हणून वापरतो आहे. परीक्षेत तुम्ही असे लिहू नका.)

हा आकडा रक्तदाब मोजण्याच्या भाषेत, म्हणजे पाऱ्याच्या स्तंभात मांडला तर सुमारे ८५ मिलिमीटर होतो. त्वचेतल्या अगदी बारीक केशवाहिन्यांमध्ये रक्ताचा दाब सुमारे ३० मिलिमीटर असतो. बाहेरचा दाब त्याहून बराच जास्त असेल आणि तास न् तास टिकला, तर तेथले रक्त वाहणे अडते. खांद्याजवळून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूही अशा वेळी दाबल्या जातात. मुंग्या येणार नाहीत तर काय होईल? डोक्यावर हंडा घेण्याआधी चुंबळ ठेवतात, ती याच हिशेबाने. चुंबळीने हंड्याचे वजन गुंजभरही कमी होत नाही, फक्त ते जास्त जागेवर पसरते.

मोठ्या माणसांच्या सॅकमध्ये यावर आणखी एक उपाय असतो, तो म्हणजे कंबरपट्टा. १९५२ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये डिक केल्टी याने ॲल्युमिनियमच्या चौकटीच्या सॅक घरच्या घरी बनवून विकायला सुरुवात केली. शिवणकाम त्याची पत्नी नीना करी. कंबरपट्टा असलेली सॅक रुळली ती अशा सॅकमुळे. चौकट वजन खाली उतरवते, पट्टा ते कमरेच्या हाडांवर देतो, आणि तेथून ते थेट पायांत जाते. खांदे आणि पाठीचा कणा बऱ्याच अंशी मोकळे राहतात. पण यासाठी एक अट आहे. पट्टा कमरेच्या हाडाच्या वरच्या काठावर बसला असताना खांद्याचे पट्टे खांद्यावरच बसले पाहिजेत. म्हणजेच सॅकची पाठ आणि माणसाची पाठ यांची लांबी जुळली पाहिजे.

ही लांबी मोजणे अगदी सोपे आहे. मान खाली घालून हनुवटी छातीला लावा. मानेच्या तळाशी एक हाड ठळकपणे वर येते, ते मानेचा सातवा मणका. दोन्ही हात कमरेच्या हाडांवर असे ठेवा, की अंगठे मागे येतील. दोन अंगठ्यांना जोडणारी रेषा पाठीच्या कण्याला जेथे छेदते, तेथपासून त्या मणक्यापर्यंत शिंप्याच्या टेपने पाठीच्या वळणावरून मोजा. हे काम दुसऱ्याने करायचे असते. माझी पाठ ४८ सेंटिमीटर भरली, मुलीची ३४. दुकानातून आणलेली सॅक मोठ्या माणसाच्या पाठीची होती. तिचा कंबरपट्टा मुलीच्या मांड्यांवर का आपटत होता, हे टेपने क्षणात सांगितले. नुसत्या उंचीवरून हे कळत नाही. कोणाचे पाय लांब असतात, तर कोणाचे धड. शिक्षकांनी वर्गातल्या सारख्या उंचीच्या चार-पाच मुलांच्या पाठी मोजून पाहाव्यात. कितीतरी फरक सापडेल.

किती लिटर?

सॅकवर लिटरचा आकडा छापलेला असतो आणि आपण तोच पाहून सॅक घेतो. लिटर हे घनफळाचे माप आहे, आणि घनफळाची एक खोड विद्यार्थ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. माझ्या पाठीला ६० लिटरची सॅक बसते. मुलीची पाठ माझ्या पाठीच्या ३४ भागिले ४८, म्हणजे ०.७१ पट आहे. तर मग तिला ६० च्या ०.७१ पट, म्हणजे ४२ लिटरची सॅक हवी का? मी नकळत हाच हिशेब केला होता. पण सॅक लांबीत कमी करायची, तशी रुंदीत आणि जाडीतही करायची. ०.७१ ला तीनदा गुणले की ०.३६ येतात. ६० च्या ०.३६ पट म्हणजे साडेएकवीस लिटर! म्हणजे मापाने सॅक निम्म्याहूनही लहान हवी होती.

वजनाकडून हिशेब केला, तर ती आणखी थोडी लहान होते. शाळेच्या दप्तराविषयी केंद्र शासनाचे २०२० चे धोरण सांगते, की पहिली ते दहावीच्या मुलांचे दप्तर त्यांच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नसावे. दप्तर थोडा वेळ वागवायचे असते, सॅक दिवसभर आणि चढावर. म्हणून तीच मर्यादा धरली, तर माझ्या मुलीला २.८ किलोग्रॅम. मुक्कामाचे सामान भरलेली माझी सॅक मी तोलून पाहिली, तर लिटरमागे सरासरी २०० ग्रॅम भरले. रिकाम्या लहान सॅकचे स्वतःचे वजन अर्धा-पाऊण किलोग्रॅम. म्हणजे सामानासाठी उरले दोन किलोग्रॅमच्या आसपास. त्याला १०-१२ लिटर जागा पुरते. स्वेटरसारखे फुगीर पण हलके सामान असते, म्हणून १५ ते १८ लिटर घ्यावी. त्याहून मोठी नको, कारण रिकामी जागा दिसली की ती भरली जातेच. मी स्वतः शिधा भरला होता, हे तुम्ही वाचलेच आहे.

हे सारे मी प्रथम वर्षाच्या वर्गात सांगितले, तेव्हा एका विद्यार्थ्याने फार चांगली शंका काढली. तो म्हणाला, “सर, स्नायूंचे बळ त्यांच्या छेदाच्या क्षेत्रफळावर, म्हणजे लांबीच्या वर्गावर अवलंबून असते, आणि वजन लांबीच्या घनावर. मग लहान प्राण्याला आपल्या वजनाच्या मानाने जास्त ओझे पेलले पाहिजे. मुंगी पेलतेच की!” शंका रास्त आहे आणि जुनीही आहे. गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात लिहून ठेवले आहे, की लहान कुत्रा आपल्याएवढे दोन-तीन कुत्रे पाठीवर नेऊ शकेल, पण घोड्याला आपल्याएवढा एक घोडाही पेलणार नाही. या हिशेबाने माझ्या मुलीला ८ किलोग्रॅम सहज पेलायला हवे होते.

पण हा नियम लागू पडतो तो एकाच साच्यातल्या लहान-मोठ्या वस्तूंना. मूल म्हणजे लहान आकारात छापलेला मोठा माणूस नव्हे. नवजात बाळाचे डोके त्याच्या लांबीच्या चौथ्या हिश्शाएवढे असते, मोठ्या माणसाचे सुमारे आठव्या. शरीराच्या वजनात स्नायूंचा वाटाही वयाबरोबर वाढत जातो. मुलांच्या लांब हाडांच्या टोकांजवळ वाढीचा भाग कूर्चेचा, म्हणजे मऊ असतो आणि वाढ पुरी होईपर्यंत तो तसाच राहतो. शिवाय लहान पायांना तेवढीच वाट चालायला जास्त पावले टाकावी लागतात, त्यामुळे ओझे नसतानाही मुलाची शक्ती वजनाच्या मानाने जास्त खर्च होते. नेपाळातले भारवाहक कपाळाच्या पट्ट्यावर प्रचंड ओझी नेतात. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पुरुष भारवाहकांचे सरासरी ओझे त्यांच्या स्वतःच्या वजनाच्या ९३ टक्के भरले होते. पण ती सरावाने तयार झालेली मोठी माणसे. त्यांच्याकडे पाहून मुलाचे ओझे ठरवायचे नसते.

मग मुलीची स्लीपिंग बॅग आणि कपडे जाणार कोठे? अर्थात माझ्या सॅकमध्ये! मुलाची सॅक लहान निवडायची, म्हणजे बरोबरच्या मोठ्या माणसाची सॅक मोठी निवडावी लागते. या दोन सॅक जोडीनेच ठरवायच्या असतात. माझे वजन ६५ किलोग्रॅम. धडधाकट माणसाने मुक्कामी सहलीला आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंत ओझे घ्यावे, असा सर्वसाधारण संकेत आहे, म्हणजे मला १३. पण मी निघताना १० किलोग्रॅमच भरतो आणि ८-१० लिटर जागा मोकळी ठेवतो. मूल दमले, तर त्याची सॅक सामानासकट माझ्या सॅकवर चढणार आहे, हे आधीच गृहीत धरलेले बरे. राजमाचीसारख्या ठिकाणी हे जमते, कारण उधेवाडीत घरगुती जेवण मिळते. भांडी-शिधा वाहून न्यावा लागत नाही.

मुलाच्या सॅकमध्ये काय असावे, याविषयी मात्र माझा आग्रह आहे. अर्धा लिटर पाणी, स्वेटर आणि कानटोपी, टॉर्च, शिट्टी आणि थोडा खाऊ. मूल चुकून मागे राहिले किंवा वाट चुकले, तर या पाच वस्तू त्याच्याजवळच हव्यात, वडिलांच्या सॅकमध्ये नव्हेत. पाण्याची बाटली सर्वांत जड, म्हणून ती पाठीला लागून आणि खांद्याच्या फऱ्यांच्या पातळीला. स्वेटर बाहेरच्या बाजूला.

पुढच्या फेब्रुवारीत आम्ही पुन्हा त्याच वाटेने गेलो. या वेळी सॅक १८ लिटरची, भरून २.८ किलोग्रॅम, जाडी १२ सेंटिमीटर, पट्टे ५ सेंटिमीटर रुंद. वरचाच हिशेब घाला. सॅकचा गुरुत्वमध्य १४ सेंटिमीटर मागे येतो आणि सामाईक गुरुत्वमध्य फक्त सव्वा सेंटिमीटर मागे सरकतो. पट्ट्यांचे टेकणारे क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर झाले, म्हणजे खांद्यावरचा दाब पाऱ्याच्या २० मिलिमीटरांच्या आसपास, केशवाहिन्यांतल्या दाबाहून कमी. कन्या ओढ्याकाठच्या त्या खडकावर माझ्या आधी चढून बसली होती आणि वरून मला ‘सावकाश या’ म्हणून सांगत होती.

तुम्हाला हे शाळेत करून पाहायचे असेल, तर एक मजबूत फळी घ्या. तिचे एक टोक विटेवर आणि दुसरे घरगुती वजनकाट्यावर ठेवा. दोन टेकूंमधले अंतर १०० सेंटिमीटर ठेवा. फळीमुळे काट्यावर दिसणारा आकडा आधी लिहून घ्या आणि पुढच्या प्रत्येक आकड्यातून वजा करा. एका मुलाला फळीच्या मध्यावर, तोंड काट्याकडे करून उभे करा आणि टाचांच्या जागी खडूने खूण करा. वजा करून उरलेला आकडा गुणिले १०० भागिले मुलाचे वजन, की विटेपासून गुरुत्वमध्याचे अंतर सेंटिमीटरमध्ये मिळते. मग दप्तर पाठीवर देऊन, टाचा त्याच खुणेवर ठेवून पुन्हा मोजा. आता भागताना मुलाच्या वजनात दप्तराचे वजन मिळवायला विसरू नका. आम्ही हा प्रयोग केला, तेव्हा गुरुत्वमध्य जवळपास हललाच नाही, आणि मुले म्हणाली, “सर, तुमचे गणित चुकले.” मग एकाने बाजूने फोटो काढला. पाठीवर दप्तर असलेला मुलगा चांगला पुढे वाकलेला होता, आणि त्याला स्वतःला त्याचा पत्ताही नव्हता.

कन्येची पाठ परवा पुन्हा मोजली. ३७ सेंटिमीटर भरली. नव्या सॅकचे खांद्याचे पट्टे वर-खाली सरकवता येतात, ते एक घर वर घेतले. ४५ लिटरची ती पहिली सॅक माळ्यावर आहे. सध्या तीत दिवाळीचे आकाशकंदील ठेवले आहेत.